जिराफ आडवा करायचा होता

तुम्ही कधी उभा जिराफ आडवा केला आहे का हो? नाही ना? हसताय काय, खरंच विचारते आहे! नसेल केला तर तुम्ही सुखी आहात, असेच राहा, कारण मी केला... आडवा केला, तर उभा झाला, पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा! आणि वर सगळे मलाच सांगतात, "अगं, त्यात काय एवढं? उभ्याचं आडवं, आडव्याचं उभं. एवढंच तर आहे!"

एवढंच! ह्या एवढंचनं माझा जीव खाल्ला.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आज औषध घ्यायला विसरली. तर झालं काय, माझी लेक बाळंत झाली. हो हो, छान आहेत दोघी, आई आणि बाळ, मुलगी झाली, नाक माझ्यावर गेलंय, विहीणबाई म्हणतात त्यांच्यावर गेलंय, पण ते जाऊ दे. आणि दवाखान्यातून सांगितलं, उद्या सकाळी घरी न्या. आता बाळ पहिल्यांदा घरी येणार म्हटल्यावर अंगावर काहीतरी घरचं हवं की नको? विहीणबाईंनी काय काय केलं होतं, ऐका... टोपडं विणलं, मोजे विणले, स्वेटर विणला, स्वेटरला बटणं, बटणांवर फुलं! हाताने! त्या बाई टीव्ही बघता बघता विणतात, सुयांकडे बघतसुद्धा नाहीत. आणि मी? मी एकदा मफलर विणायला घेतला, त्याची पिशवी झाली. आमच्या ह्यांनी कौतुकाने त्यात कांदे ठेवले.

पण मलाही वाटतंच की हो! आजी आहे मी तिची. तिच्या अंगावर एक तरी गोष्ट अशी असावी की जिच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, हे आजीचं. सगळं नको, एकच. एक दुपटं. लोकरीचं, चौकोनी, चारी बाजूंनी सारखी निळी किनार, आणि मधोमध जिराफ! जिराफच का? कारण मला चौकडीच्या कागदावर जिराफ काढता येतो. पूर्वी उशांवर टाके भरायची ना मी, तेव्हापासून. चौकटी रंगवत गेलं की जिराफ होतो. ससा काढला तर त्याचाही जिराफच होतो, कान जरा लांब झाले की संपलं.

आमच्या बाजारात एक मशीनवाले आहेत, लोकरीचं काहीही मशीनवर विणून देतात. मी कागद घेऊन गेले. त्यांनी बघितला, म्हणाले, "ताई, जिराफ गोड आहे, पण कागद नको. कॉम्प्युटरमधून द्या. रंगवलेल्या चौकटीला एक, रिकाम्या चौकटीला शून्य. आणि एक लक्षात ठेवा, माझं मशीन दुपटं आडवं धरून विणतं. म्हणून जिराफ आडवा करून पाठवायचा. तुम्ही आडवा द्या, मशीन उभा करेल. दुकान बंद व्हायच्या आत आला तर सकाळी दुपटं तयार."

मी म्हटलं, "आडवा म्हणजे?"

"उभ्या ओळी आडव्या करायच्या, आडव्या उभ्या. कोणालाही विचारा, ताई."

आता कोणालाही म्हणजे कोणाला, तर आमचे जावई! कॉलेजात गणित शिकवतात. इतके हुशार, इतके हुशार की चहात साखर घातली का हे विसरतात, पण गणितातलं काही विचारा, डोळे असे लकाकतात! घरी येऊन बसले आमच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर, त्यात त्यांचं ते गणिताचं सॉफ्टवेअर आहेच. मी शून्य आणि एक टाइप करून ठेवले होते. बोटं सुजली, पण एक चौकट चुकवली नाही. ते बघून म्हणाले, "वा आई! ही तर सुंदर मॅट्रिक्स झाली!"

मी म्हटलं, "हा जिराफ आहे."

"हो हो, जिराफच. पण ह्याच्या दृष्टीने मॅट्रिक्स. आकड्यांचा चौकोन. ह्याला आपण नाव देऊ, जे. आणि आता ट्रान्सपोज! पहिली आडवी ओळ पहिली उभी होणार, दुसरी आडवी दुसरी उभी... उभ्याचं आडवं, आडव्याचं उभं. एवढंच तर आहे! हे बघा, जे बरोबर जे, म्हणजे मधे ते बरोबरचं चिन्ह, वर हे शेपूट, आणि अर्धविराम. मग दाखव असं लिहा, ही माझी मी केलेली आज्ञा आहे, ती चित्रही दाखवते आणि साठवूनही ठेवते."

शेपूट म्हणजे काय, तर अवतरणचिन्ह असतं ना, त्यातलं एकटं, जोडीदार हरवलेलं. एवढंसं! डासाच्या पायासारखं! आणि म्हणे ते जिराफ पाडतं.

मी म्हटलं, "करूनच द्या ना मग."

तेवढ्यात लेकीचा फोन. "अहो, कुठे आहात? डॉक्टर आलेत, कागदांवर सही हवीय!" जावई चप्पल घालता घालता म्हणाले, "आई, तुम्हीच करा, मजा येईल!" आणि गेले. एका पायात त्यांची चप्पल, एका पायात ह्यांची.

मजा! तुम्हाला सांगते, ते सॉफ्टवेअर उघडलं की समोर नुसते दोन बाण असतात आणि एक रेघ लुकलुकत असते. वर्गात मास्तर छडी आपटत उभे असावेत तशी. बोला, बोला! मी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं जे, आणि शेपूट दिलं. तर ते शेपूट चुकीचं! कीबोर्डच्या पाटीवर डाव्या कोपऱ्यात दुसरं एक शेपूट असतं, उलटं झुकलेलं, दिसायला सख्खा भाऊ. ते दाबलं, तर लाल अक्षरात भांडायलाच उठलं. मी घाबरून "सॉरी" म्हटलं. हो, म्हटलं, खोटं कशाला सांगू.

मग बरोबर शेपूट सापडलं. दाबलं. पण अर्धविराम विसरले... आणि बाई बाई बाई! शून्य एक शून्य शून्य एक एक, धबाधबा, पडताहेत, पडताहेत, थांबेचना! मी हातांनी पडदा झाकला. काय उपयोग? खाली सांडत होते थोडेच! थांबल्यावर हळूच "दाखव" लिहिलं, एंटर मारलं... आणि जिराफ? उभा! ताठ! उजवीकडे बघतोय, जसा काही बसची वाट बघतोय!

पुन्हा केलं. जे, शेपूट, ह्या वेळी अर्धविरामसुद्धा. दाखव. उभा! अहो, किती वेळा केलं ते विचारू नका. मी त्याला म्हटलं, "अरे पड ना रे राजा, बाळ यायचंय उद्या." शेवटी जावयांना फोन लावला.

ते कुजबुजत बोलले, बाळ झोपलं होतं म्हणून. "आई, जे बरोबर लिहिलंत का आधी?"

"जे लिहिलं की."

"नुसतं जे आणि शेपूट म्हणजे तुम्ही त्याला विचारलंत, बाबा रे, आडवा झालास तर कसा दिसशील? त्याने दाखवलं. आडवा हो असं तुम्ही सांगितलंच नाहीत! जे बरोबर जे शेपूट. म्हणजे, आजपासून तू असा."

आता मला सांगा, मी माणसांच्या घरात वाढलेली बाई. आमच्याकडे "पाणी मिळेल का?" विचारलं तर पाणी येतं. "हो, मिळेल," असं म्हणून कोणी बसून राहत नाही!

पण केलं. जे बरोबर जे शेपूट, अर्धविराम, दाखव, सगळं एका ओळीत, श्वास रोखून एंटर... आणि धाडकन! पडला! आडवा! मान डावीकडे लांब पसरलेली, पाय उजवीकडे, तोंड खाली, जसं काही भिंतीवर पाय रोवून जमिनीवर पडलेली सुई शोधतोय! काय सांगू तुम्हाला, मी खुर्चीतून उठून नाचले. एकटी! ह्या वयात! शाळेनंतर गणिताशी माझं बोलणं बंद होतं हो, आणि आज एका शेपटाने मी जिराफ पाडला! त्याच आनंदात गच्चीवर कपडे काढायला गेले.

आणि इथेच घोटाळा झाला.

आमचे हे. माणूस सोन्यासारखा, पण वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतील, पायपुसणं सरळ करतील, दुसऱ्यांच्या घरी गेले तर तिथलं पायपुसणं सरळ करतील. एकदा लग्नाच्या फोटोत उभे असताना नवऱ्या मुलाची कॉलर सरळ केली, फोटोत तेच आलंय. तर हे आले, बघतात तो काय, पडद्यावर जिराफ पडलेला! ह्यांना वाटलं, झालं, बिचारीच्या हातून जिराफ पडला, आता रडेल. जावयांनी ह्यांना कधीतरी शिकवलं होतं, वरचा बाण दाबला की आधीची आज्ञा परत येते. वरचा बाण, एंटर. जिराफ उभा. हे समाधानाने आत जाऊन पेपर वाचत बसले. मला एका शब्दाने नाही! म्हणे, "तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता."

मी कपडे घेऊन आले. बघते तो जिराफ उभा! मला वाटलं, अगंबाई, मगाशी झालं ते स्वप्न होतं की काय? नाचले ते स्वप्नात नाचले? गुडघा तर दुखतोय! मुकाट्याने पुन्हा केलं. पडला. एवढ्यात दारावर घंटी... विहीणबाई! बाळाचे धुतलेले कपडे घेऊन आल्या, त्यातसुद्धा एक नवीन टोपडं. येता जाता विणलं असणार.

मी म्हटलं, "बसा विहीणबाई, चहा टाकते," आणि त्या बसल्या, कुठे? कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत. घरात बाकी सगळीकडे मी काढून आणलेले कपडे होते ना!

स्वयंपाकघरात हे आले. मी आनंदाने म्हटलं, "अहो, शेवटी झाला बाई जिराफ आडवा!"

ह्यांचा चेहरा असा उतरला... "आडवा हवा होता?"

"मग? मशीनला आडवाच लागतो."

"असं होय," म्हणाले, आणि चष्मा ओट्यावरच ठेवून बाहेर गेले. मला वाटलं विहीणबाईंशी बोलायला गेले. थोड्या वेळाने आले, हात झटकत. "पाठवून टाकलं मी मशीनवाल्यांना. कॉम्प्युटरही बंद केला, उगाच वीज जळते."

"काय पाठवलंत?"

"जिराफ."

"आडवा ना?"

"आडवाच असणार. मी मगाशी उभा केला होता, म्हणून आता आडवा केला."

माझ्या हातातलं गाळणं पडलं. "तुम्ही मगाशी उभा केला होतात? अहो, तो मी पुन्हा आडवा केला होता! म्हणजे आता तुम्ही आडव्याचा उभा केलात! पाठवताना बघितलं नाही?"

"चष्मा इथे होता ना," हे म्हणाले. "आणि जावईबापूंनीच सांगितलंय, उभ्याचं आडवं, आडव्याचं उभं. एवढंच तर आहे."

बाहेर येऊन विहीणबाईंच्या हातात कसाबसा चहाचा कप दिला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायला घेतला, तर तो आमच्या वयाचा, उठायला कुरकुर करतो. तोवर धीर कोणाला? मशीनवाल्यांना फोन लावला, तर उचलेनात, मशीनच्या खडखडाटात ऐकूच येत नसणार. मग जावयांना फोन. ते बिचारे बाळाला थोपटत कुजबुजले, "आई, घाबरू नका. ट्रान्सपोजचं एक चांगलं असतं. दोनदा केलं की मूळ पदावर येतं. म्हणजे फक्त एवढं सांगा, तुम्ही सगळ्यांनी मिळून किती वेळा केलं? विषम असेल तर आडवा. सम असेल तर उभा."

मी बोटं मोजली. "मी एकदा. मग ह्यांनी. मग मी. मग पुन्हा ह्यांनी."

"सम," जावई म्हणाले, आणि ते इतकं हळू म्हणाले की कोणीतरी गेल्याची बातमी देताहेत असं वाटलं.

सम! संपलं! उद्या माझी नात पहिल्यांदा घरी येणार, डोक्यावर त्या बाईंचं टोपडं, पायात त्या बाईंचे मोजे, अंगात फुलांच्या बटणांचा स्वेटर, आणि वर आजीचं दुपटं, आजीच्या दुपट्यावर मेलेला जिराफ! डोळ्यांत पाणीच आलं हो. आणि तेसुद्धा विहीणबाईंसमोर.

विहीणबाई मघापासून कपात बघत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. पदर नीट केला. म्हणाल्या, "एक... एक माझ्याकडूनही झालं."

"काय?"

"तुम्ही चहा टाकायला गेलात ना, तर तो पडलेला दिसला. मला वाटलं, बाईंनी एवढ्या हौसेने काढलाय आणि पडला बिचारा. माझा मुलगा शाळेत असल्यापासून तो वरचा बाण दाबतोय, माझ्याही बोटात बसलाय. मी हळूच उभा केला आणि बाळाचे कपडे ठेवायला आत गेले. तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून बोलले नाही."

मी पुन्हा बोटं मोजायला घेतली, फोन अजून चालूच होता. आणि मग जावई ओरडलेच, बाळ झोपलंय हे विसरून, "विषम! आई, विषम! आडवा गेलाय! बरोबर गेलाय!" आणि फोनमधून बाळाचं रडणं, आणि लेकीचं, "अहो, हळू ना! काय चाललंय तुमचं सगळ्यांचं?"

मी विहीणबाईंना मिठी मारली! मुलांच्या लग्नानंतर पहिल्यांदा! मी म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून वाचलो!" त्या म्हणाल्या, "छे हो, मी काय केलं, एक एंटर तर मारलं." ह्यांनी त्या गडबडीत विहीणबाईंचा तिरका झालेला कप बशीत सरळ केला. आम्ही तिघं इतकं हसलो, इतकं हसलो की चहा गार झाला. आणि कॉम्प्युटर एकदाचा उठला, तर त्यात खरंच आडवा जिराफ, मान पसरून, सुई शोधणारा. तुम्हाला सांगते, आयुष्यात कोणाला पडलेलं बघून मला एवढा आनंद झाला नव्हता.

गप्पांत संध्याकाळ झाली, आणि फोन वाजला.

"ताई, मशीनवाला बोलतोय. दुपटं विणून झालं. फार गोड आलंय. आणि ते तुमचं राहिलं होतं ना, तेही मी करून टाकलं."

मी हसतच विचारलं, "काय राहिलं होतं, दादा?"

"जिराफ आडवा करायचा! अहो, मी सगळ्यांना सांगतो, आडवा करून द्या, आडवा करून द्या, पण आजवर एका गिऱ्हाइकाने दिला नाही. म्हणून फाइल आली की मी आधी न बघता फिरवूनच टाकतो. सवय झालीय. उभ्याचं आडवं, आडव्याचं उभं, एवढंच तर आहे!"

"अहो दादा... आम्ही आडवाच दिला होता!"

पलीकडे मशीन खडखडत थांबलं. मग अगदी मऊ आवाज. "खरंच दिला होतात? ...ताई, तुम्ही पहिल्याच."

बघा माझं नशीब! जगात एकच बाई सांगितलेलं ऐकते, आणि ती पहिलीच निघते!

हे हळूच म्हणाले, "म्हणजे सम." मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून पायपुसणं सरळ करायला गेले. विहीणबाईंनी माझा हात धरला, म्हणाल्या, "असू दे हो. मी दुपट्याचं काही विणलंच नाहीये, मुद्दाम. म्हटलं, ते तुमचं." आता हे ऐकल्यावर मी काय करणार? पुन्हा रडले. बरं वाटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून दुपटं घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. मी ते उघडून धरलं, जिराफ आडवा होता, आणि हे, जावई आणि विहीणबाई तिघांनीही माना एका बाजूला वाकवून त्याच्याकडे बघितलं. लेकीने झोपाळू डोळ्यांनी हात पुढे केला, दुपटं घेतलं, पाव वळसा फिरवलं आणि म्हणाली, "आई, चौकोनी आहे ना गं हे?" जिराफ उभा राहिला. मी उजवीकडे बघणारा काढला होता, तो आता डावीकडे बघत होता, बाकी काही बिघडलं नव्हतं. गणिताचे प्राध्यापक बराच वेळ छताकडे बघत होते. बाळ त्याच दुपट्यात घरी आलं, पाळण्यात निजलं, ह्यांना दुपट्याची किनार जराशी तिरकी वाटली म्हणून ह्यांनी ते फिरवून सरळ केलं, जिराफ पुन्हा आडवा झाला, आणि बाळाला नुकतीच झोप लागली होती म्हणून आम्ही कोणीच त्याला उठवला नाही.